खालचा स्क्रू

गाडीतले काही स्क्रू असे बसवलेले असतात, की ते पुन्हा कोणाला काढावे लागतील असा विचारच बसवणाऱ्याच्या मनात आला नसावा. आमचे हे म्हणायचे, कारखान्यात आधी स्क्रू ठेवतात आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधतात. लग्नानंतरचं पहिलं वर्षभर मी हे खरं धरून चालले होते. नणंदेला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. म्हणाली, वहिनी, दादाच्या तोंडाला लागू नकोस, तो चेहरा न हलवता थापा मारतो.

यांना सगळे कानमिस्त्री म्हणायचे. गाडी फाटकातून आत येऊन थांबेपर्यंत तिचं दुखणं यांना कळलेलं असायचं. बॉनेट उघडण्याआधी हे डोळे मिटून दोन मिनिटं उभे राहायचे. मी देवापुढं उभी राहते अगदी तसे. येणाऱ्याला वाटायचं मिस्त्रींना डुलकी लागली. मग डोळे उघडून हे म्हणायचे, तिसरा प्लग बघू. आणि तिसराच निघायचा.

गॅरेज म्हणजे आमच्या घराचीच पुढची बाजू. मधे एक दार, त्याच्या अलीकडं माझं स्वयंपाकघर आणि पलीकडं यांचं. कोणाचे हात जास्त काळे यावर आमची थट्टा चालायची. यांचे हात मात्र भलते मोठे, बोटं जाड. अडचणीची जागा आली की दारातून हाक यायची, “अगं, जरा हात दे.” मी कणकेचा हात धुऊन जायची आणि कोपरापर्यंत इंजिनात घालायची. नणंद म्हणायची, दादानं तुझा हात दोनदा मागितला, एकदा लग्नाला आणि एकदा गॅरेजला. दुसऱ्यांदा मागितला त्याचा उपयोग जास्त झाला.

ही सगळी हसण्याखेळण्याची वर्षं. ती एका दुपारी संपली. संपली हे आम्हाला तीन आठवड्यांनी कळलं.

बाजाराच्या रस्त्यावर औषधाचं दुकान आहे. त्या औषधवाल्यांची गाडी आली होती. उभ्या जागी इंजिनाचा आवाज आपोआप चढायचा, उतरायचा. यांनी डोळे मिटून ऐकलं आणि थ्रॉटलचा सेन्सर जागचा हलला आहे म्हणून सांगितलं. पायाखालचं पेडल किती दाबलंय ते हा डबीएवढा सेन्सर गाडीला कळवतो. तो दोन स्क्रूंवर बसतो. स्क्रू सैल करायचे, सेन्सर केसभर फिरवायचा, मीटरवर आकडा बरोबर आला की स्क्रू आवळायचे, नाहीतर सेन्सर पुन्हा सरकतो आणि गाडी अडखळते. बस्स, एवढंच काम. वरचा स्क्रू समोर दिसतो. खालचा पाठमोरा असतो, त्याचं डोकं मागच्या पत्र्याकडं आणि मधे दोन बोटं जाईल इतकीच फट. सगळा थ्रॉटलच उतरवला तर तो सरळ हाताशी येतो, पण मग पाण्याच्या नळ्या सोडाव्या लागतात आणि मधली पॅकिंग फाटते. तसली पॅकिंग मागवायला चार दिवस. औषधवाल्यांना गाडी संध्याकाळी हवी होती, बायकोला बहिणीकडं पोचवायचं होतं.

असे स्क्रू हे नेहमी डोळे मिटून, बोटांनी चाचपून काढत. पण आदल्या दिवशी पंख्याच्या पात्यानं यांची उजवी दोन बोटं कापली होती. बोटांवर जाड पट्टी, स्पर्श काही कळेना. तेव्हा मला हाक आली. मी हात घालते म्हटलं, तर म्हणाले, स्क्रूचं डोकं झिजलंय, जोर लागेल, तुझ्यानं व्हायचं नाही. तू बॅटरीचा उजेड धर आणि तुझा तो छोटा आरसा आण.

आरसा मी मागच्या पत्र्यापाशी तिरका धरला. त्यात खालचा स्क्रू दिसला. यांनी करवतीच्या मोडक्या पात्याला चिंधी गुंडाळून त्या डोक्यावर एक खाच पाडली, जराशी तिरकी. आखूड स्क्रू-ड्रायव्हर खाचेत बसवला आणि अंगातला सगळा जोर काढून स्क्रू सोडवला. सेन्सर जुळवला. वरचा स्क्रू आवळला. मग खालचा आवळायला घेतला. यांना माझ्या डोक्याआडून आरसा दिसत नव्हता, मलाच दिसत होता. त्यात खाच डावीकडं फिरताना दिसली.

मी म्हणाले, “अहो, उलटं फिरतंय.”

हे थांबले. मग दुसऱ्या बाजूला फिरवलं. “आता?”

“आता बरोबर.”

तेवढ्यात बाहेर औषधवाल्यांचा आवाज आला, झालं का म्हणून. यांनी हात बाहेर काढला. बॉनेट बंद केलं. गाडी सुरू केली, कान दिला. इंजिन एका सुरात चाललं होतं.

मी रोजची वही लिहिते. सकाळी देवाचं झालं की आदल्या दिवसाच्या चार ओळी. त्या दिवसाच्या पानावर एवढंच आहे: ‘दुपारी यांना हात दिला. गाडी वेळेवर गेली. देवाची कृपा.’

तीन आठवड्यांनी औषधवाले गल्लीतून मोठ्या रस्त्यावर गाडी काढत होते. मागच्या सीटवर बायको. बाजूनं भरधाव ट्रक आला. गाडीचा मागचा भाग चेपला. बाई जागीच गेल्या, औषधवाल्यांचा पाय कायमचा अधू झाला. ट्रकवाला दारू प्यायलेला होता, त्याला शिक्षाही झाली. लोकांच्या लेखी विषय तिथंच मिटला.

आम्ही भेटायला गेलो. औषधवाले पलंगावर बसून होते. आपणहून सांगायला लागले. सांगता सांगता म्हणाले, अर्ध्या रस्त्यात गाडी एकदा अडखळली हो. एकदाच. नाहीतर आम्ही पार झालो असतो. यांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. घरी येताना हे माझ्या दोन पावलं पुढं चालत होते. ते अंतर पुढं अकरा वर्षं राहिलं.

हे बोलले काहीच नाहीत, पण हातांना स्वस्थता राहिली नाही. गाडी घेऊन जाणाऱ्याला फाटकातून परत बोलवायचं आणि सगळे स्क्रू पुन्हा तपासायचे. जेवता जेवता उठून गॅरेजमधे जायचं. नंतर घरावर आले. दारांच्या बिजागऱ्या, नळ, कपाटाचे कब्जे. नणंद दोन दिवस राहायला आली होती, तर तिच्या चष्म्याच्या दांड्या इतक्या आवळल्या की चष्मा मिटेना. ती वैतागून म्हणाली, वहिनी, माझं डोकं तेवढं सैल आहे, तेही दादाकडून आवळून घेते. आम्ही दोघी हसलो. हे हसले नाहीत. बोटानं चष्म्याचा स्क्रू चाचपत राहिले.

सगळ्यांत वाईट ते ऐकणं. भर दुपारी, ऊन डोक्यावर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि हे घास हातात धरून थांबायचे. “ऐकलंस? अडखळली.” मी म्हणायचे, रस्त्यावर गाडीच नाही. मग हे घास खायचे. काही महिन्यांनी मला विचारणं बंद केलं. नुसते थांबायचे, आणि मला कळायचं की ती गाडी पुन्हा एकदा अर्ध्या रस्त्यात आली आहे. पुढं पुढं मीही थांबायला लागले. कधी कधी मला वाटतं, मलाही ऐकू आलं असेल.

बाजाराचा रस्ता यांनी सोडला. डोकं दुखलं तरी गोळी आणायला दुसऱ्या टोकाच्या दुकानात, पाऊण तास चालून. चोराच्या मनात चांदणं, असं कोणी म्हणेल म्हणून मीच लोकांना सांगायची, यांना चालायला सांगितलंय डॉक्टरांनी.

मला वाटायचं, यांच्या मनात एकच आहे: शेवटचा पीळ द्यायचा राहिला की काय. माझ्या मनात तेवढंही नव्हतं. मग पाचव्या की सहाव्या वर्षी एका सकाळी मी आरशापुढं केस विंचरत होते. मागच्या भिंतीवरचं घड्याळ आरशात दिसत होतं. सेकंदाचा काटा उलटा चालला होता. बिघडलं वाटतं, म्हणून मी वळून पाहिलं. काटा सुलट चालला होता. पुन्हा आरशात पाहिलं. उलट.

कंगवा हातात तसाच राहिला. त्या दुपारी हे बरोबर आवळत होते. मी ‘उलटं’ म्हणाले आणि यांनी माझं ऐकून स्क्रू सोडला. त्यानंतर पुन्हा आवळला का? हात बाहेर काढण्याआधी, सवयीनं? यांच्या हाताला सवय होतीच. पण बोटांवर पट्टी होती, आणि बाहेरून हाक आली होती.

हे मी यांना सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही. देवापुढं मात्र रोज एकच मागणं मागू लागले: तो स्क्रू त्या दिवशी घट्ट असू दे. घडून गेलेल्या गोष्टीसाठी मागणं मागता येतं का, मला ठाऊक नाही. देवाला काय, काल आणि उद्या सारखेच असतील, अशी मी मनाची समजूत घालायची आणि मागायची.

गाडी कुठं आहे ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. भंगारवाल्याच्या आवारात, मागच्या कुंपणाशी. मागचा भाग चेपलेला, पुढचा शाबूत. तसल्या गाड्या इकडं फारशा नव्हत्या, त्यामुळं तिच्या इंजिनाला कोणी हात लावला नव्हता. हे जुने भाग तिथूनच मागवायचे, पण स्वतः कधी गेले नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची. न पाहिलेला स्क्रू निदान घट्ट असू शकत होता.

गेल्या उन्हाळ्यात भंगारवाल्याचा निरोप आला. शनिवारी यंत्र येणार, सगळ्या जुन्या गाड्या दाबून त्यांचे ठोकळे करणार. मिस्त्रींना काही काढून न्यायचं असेल तर त्याआधी या. गुरुवारी सकाळी मी देवापुढून उठले तर हे दारात उभे. हातात तेलाची बुधली, आखूड स्क्रू-ड्रायव्हर आणि चिंध्या. म्हणाले, “अगं, जरा हात दे.”

अकरा वर्षांनी ही हाक आली. कुठं जायचं ते मी विचारलं नाही.

भंगारवाला मोठा बोलका माणूस. आम्हाला बघून म्हणाला, या कानमिस्त्री, इथं सगळ्या मुक्या आहेत, तुमच्या कानाचा काही उपयोग नाही. गाडीपाशी सोडून तो गेला. टायरांची माती झाली होती. मागची सीट जिथं होती तिकडं मी पाहिलं नाही. हे मात्र बघत उभे राहिले. मग बॉनेटला खांदा लावला. ते अर्धं उघडलं आणि अडकलं. यांचा हात मनगटापर्यंत गेला आणि तिथंच बसला. म्हणून मी.

हात घालण्याआधी यांनी मला समजावलं. अकरा वर्षांत यांचं एवढं सलग बोलणं मी ऐकलं नव्हतं. स्क्रू आवळलेला असला तर त्याच्या डोक्याखाली गंज शिरत नाही. काढल्यावर तिथं उजळ कडं दिसतं, नव्या नाण्यासारखं. सैल राहिला असेल तर डोक्याखाली सगळीकडं गंज. हात कोणी लावलेला नाही, तेव्हा जे असेल ते त्या दिवशीचंच.

मी हात घातला. जळमटं, वाळकी पानं, कसल्यातरी चिटुकल्या प्राण्याचं जुनं घरटं. मग बोटाला ती तिरकी खाच लागली. तेल सोडलं आणि आम्ही अर्धा तास थांबलो. पत्रे उन्हानं तापून टकटक वाजत होते. कोणत्या बाजूला फिरवू, म्हणून मी विचारलं. हे म्हणाले, डोळे मिट. आपल्या डोक्याकडून बघायचं नाही, स्क्रूच्या डोक्याकडून बघायचं.

मी जोर केला. हलला नाही. पुन्हा केला. मनगट पत्र्याला घासून सोललं. तिसऱ्यांदा कट् असा आवाज आला आणि मी आनंदून म्हटलं, केवढा घट्ट होता. यांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहून मान हलवली. म्हणाले, तो गंज तुटला, त्यावरून काही ठरत नाही.

पुढं तो सहज फिरत आला. मी मुठीत धरून बाहेर काढला. हे तोंड फिरवून कुंपणाकडं बघत उभे राहिले.

“तूच बघ.”

मी चिंधीनं स्क्रू पुसला. डोक्याखाली पाहिलं. अंगठ्यानं घासून पुन्हा पाहिलं. उन्हात धरून पाहिलं. हे पाठमोरे होते. मी काहीही सांगितलं असतं तरी यांनी ते मानलं असतं, वळून तपासलं नसतं, हे मला त्या पाठीवरून कळत होतं. इतकी वर्षं मागितलेली गोष्ट द्यायचं आता देवाच्या नाही, माझ्याच हातात होतं. मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार आहे ते मलाही ठाऊक नव्हतं.

“सैल होता,” मी म्हणाले. “आणि उलटं मी म्हणाले होते. आरशात तसं दिसलं.”

हे वळले नाहीत. “आरशाचं माहीत आहे.”

“कधीपासून?”

“त्यांना भेटून आलो त्याच दिवसापासून.”

मग इतकी वर्षं बोलला का नाहीत, असं मी विचारलं. हे स्क्रू-ड्रायव्हर चिंधीत गुंडाळू लागले. मग म्हणाले, “तू रोज देवापुढं बसतेस. तुला निर्धास्त बसायला तेवढी एक जागा राहू दे म्हटलं.”

तिथून आम्ही घरी गेलो नाही. तेलकट हातांनीच बाजाराच्या रस्त्याला लागलो. हे माझ्या बरोबरीनं चालत होते. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. औषधवाले काठी बाजूला ठेवून खोके लावत होते. यांनी स्क्रू काचेच्या कपाटावर ठेवला आणि सगळं सांगितलं. सेन्सर, खाच, आवळायचा राहिलेला स्क्रू. आरशाचा उल्लेख केला नाही. मी मधे बोलायला गेले तर माझ्याकडं न बघता म्हणाले, “हत्यार ज्याच्या हातात, चूक त्याची.” तरीही मी सांगितलं. माझा शब्द मलाच सांगायचा होता.

औषधवाल्यांनी स्क्रू उचलला नाही. त्याच्याकडं बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, “गाडी आणली त्या संध्याकाळी बसताना तिनं विचारलं होतं, गाडी नीट झाली ना? मी म्हणालो, कानमिस्त्रींनी केलीय.”

रस्त्यावरून दोन गाड्या गेल्या. हे उभेच होते.

“मला वाटायचं, माझं दुःख बघवत नाही म्हणून तुम्ही हा रस्ता टाकला,” औषधवाले म्हणाले. “मी तुम्हाला चांगला माणूस समजत होतो.” मग काठी घेतली, कपाटाच्या आडून बाहेर आले, स्क्रू उचलून यांच्या हातात परत दिला. “उद्यापासून याच रस्त्यानं जा. रोज. मला दिसलं पाहिजे. पण नमस्कार करू नका.”

त्याला आता सात महिने झाले. हे रोज सकाळी साडेनऊला निघतात, बाजाराच्या रस्त्यानं टोकापर्यंत जातात आणि परत येतात. दोन्ही वेळा दुकानावरून. हात सरळ खाली सोडलेले, मान समोर. काही काम नसतं तिकडं. औषधवाले खोक्यांतून मान वर करून बघतात, हे पुढं गेले की पुन्हा खाली घालतात. एवढंच. मी एकदा मागून जाऊन पाहिलं.

माझं देवापुढचं मागणं आता राहिलं नाही. बसते, पण काय म्हणायचं ते सुचत नाही. नुसती बसून उठते. दुपारी हे अजूनही घास हातात धरून थांबतात. फक्त आता मला विचारतात, आणि मी हो म्हणते.

काल यांच्या अंगात कणकण होती. मीच उठू दिलं नाही. दहा वाजून गेले आणि फोन वाजला. औषधवाले होते. अकरा वर्षांत आणि या सात महिन्यांत त्यांचा फोन कधी आला नव्हता.

“आज मिस्त्री गेले नाहीत,” ते म्हणाले.

मी सांगितलं, बरं नाही, ताप वाटतोय.

त्यांनी फोन ठेवला नाही. त्यांच्या दुकानापुढून जाणाऱ्या गाड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. मी मागं वळून पाहिलं तर हे पलंगावरून उठले होते आणि वाकून चपला शोधत होते.